शेरा

युरायने कागद माझ्या धारेच्या यंत्राशेजारी ठेवला.
अफ्रा, वय चौदा, फॉरवर्ड.
स्केटिंग, पक सांभाळणं, शॉट, खेळाची जाण,
प्रत्येकापुढे एक ते पाच, पेन्सिलीत.
तळाला वळण: दोन,
आणि गेल्या वर्षीचंच वाक्य, फक्त डावीकडे वळते.
‘थोरल्या संघात घ्यायची की अजून वर्षभर थांबवायची,
रविवारी सांगायचंय. तुला काय वाटतं?’

मला हॉकी येत नाही.
मी मिरजेचा शिकलगार. बाप विळ्या-कात्र्यांना धार लावायचा,
मी अल ऐनच्या या रिंकमागच्या खोलीत
अकरा वर्षं स्केटच्या पात्यांना लावतो.
बाहेर पंचेचाळीस अंश, आत मी स्वेटरात.
खेळ दिसतो तो काचेपलीकडून, धुरकट.
पण पातं माझ्या हातात येतं
आणि पातं चहाड्या करतं.

दहाव्या वर्षी पहिल्यांदा आली तेव्हा पात्यांवर गंज.
ओले बूट तसेच बॅगेत कोंबायची.
मी एक फडकं दिलं, वर चार शब्द ऐकवले.
पुढच्या खेपेला पातं कोरडं,
फडकं धुऊन, घडी घालून.
हे कुठे लिहायचं, युराय? रकाना नाही.

मग दोन वर्षं एकच रडगाणं:
डाव्याची बाहेरची कड बोथट, उजव्याची आतली बोथट,
उरलेल्या दोन दुकानातून आणल्यासारख्या.
तेव्हा तुझं वाक्य खरं होतं.
समोरच्या पोरी तिला नको त्या बाजूला रेटायच्या
आणि तिथे ती उभी राहायची,
चुकून दुसऱ्याच्याच लग्नाला आल्यासारखी.

पण रमजान संपल्यावर उजवं पातं उजेडात धरलं,
नखावर ओढून पाहिलं. नखाला ओरखडा नाही.
बाहेरची कड गेलेली. पार गेलेली.
वाटलं, बूट बहिणीचे असतील.
नाही, जिभेवर तिचंच नाव, अरबीत, जांभळ्या शाईत.
बर्फाची गाडी चालवणारा बिष्णू मग बोलला:
रात्री अकरानंतर यायची, भाऊ बाकावर पेंगत,
आणि ही गोल गोल, उजवीकडे.
पडायची. परत उजवीकडे.
महिनाभर.
तू तेव्हा ब्रातिस्लाव्हाला होतास.

स्टिकची टेपही बघ.
पकचे काळे डाग पूर्वी टाचेशी, विखुरलेले,
आता मधोमध, तळहाताएवढ्या जागेत.
टोकाची टेप मात्र अजून पांढरी:
शॉट मनगटातून सुटत नाही, पोरगी ढकलते.
तिथला तुझा दोन बरोबर आहे. राहू दे.

आणि गेल्या मंगळवारी काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली,
चाचा, खोबण उथळ करा.
खोल खोबण बर्फ घट्ट धरते, पडायचं भय कमी,
पण धाव खाते. नवखे सगळे खोलच मागतात.
मी म्हटलं, घसरशील.
म्हणाली, थोडी.

युरायने दोन खोडला. तीन लिहिला.
‘चार का नाही?’
‘माझ्या डोळ्यांनी बघेन तेव्हा.’
चुकलं नाही त्याचं. बापही सुरीवर
स्वतःचा केस टाकून बघितल्याशिवाय पैसे घेत नसे.
ते वाक्य मात्र कागदावर तसंच राहिलं,
वर आकडा बदलला, खाली वाक्य जुनं.
मी बोट ठेवलं. तो म्हणाला, हो हो,
आणि फोन घ्यायला बाहेर गेला.

संध्याकाळी ती आली, अबाया सावरत, बॅग ओढत.
काय लिहिलं, विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही. रविवार अजून लांब आहे.
उजव्या टाचेचा रिव्हेट हलतोय, म्हटलं, ठेवून जा.
ती गेली नाही.
रबरी जमिनीवर मोज्यांतच उभी राहिली,
एका पायावरचं वजन दुसऱ्यावर घेत,
मी कुठला बूट आधी उचलतो ते बघत.